पायाळूची विहीर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. यात माझं कर्तृत्व काही नाही, त्रास झाला तो आईला. पण त्या काळच्या सोलापुरात ही एक पदवीच होती, आणि विद्यापीठाच्या पदवीपेक्षा ती मला वीस वर्षं आधी मिळाली. पायाळू माणसाची लाथ बसली की भरलेली उसण उतरते. पायाळूला जमिनीखालचं पाणी दिसतं. आणि पायाळूवर वीज पडते. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग लोकांना, तिसरी माझ्या एकटीसाठी राखून ठेवलेली.

भवानी पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. गिरणीची पाळी सुटली की दारात कुणी ना कुणी कमरेवर हात ठेवून वाकलेलं दिसायचं. आई विचारायची, "उसण का?" तो मान हलवायचा, मानच धरली असेल तर डोळे हलवायचा. मग मी अभ्यास बाजूला ठेवून उठायचे. पद्धत ठरलेली होती. आलेल्यानं भिंतीला हात टेकून पाठमोरं उभं राहायचं, मी डाव्या पायानं दुखऱ्या जागी तीन हलक्या लाथा मारायच्या, आणि लगेच वाकून त्याच्या पाया पडायचं, कारण माणूस वयानं मोठा. शेजारी एक तेलुगू विणकरीण राहायची. मागावर बसून बसून तिची कंबर धरायची, ती दर अमावास्येला न चुकता लाथा खाऊन जायची. एका रविवारी आमच्या शाळेतले गणिताचे सर आले. मी त्यांना तीन लाथा मारल्या, पाया पडले, त्यांनी "सुखी राहा" म्हणून आशीर्वाद दिला आणि सोमवारी शंभरात अडतीस मार्क दिले. चौथी मारायला हवी होती असं मला अजूनही वाटतं.

मी चौदा वर्षांची झाले तेव्हा आईनं नवा नियम काढला. पुरुषांना लाथ मारायची तर मध्ये गोणपाट धरायचं. दोघांनी गोणपाट धरायचं, पलीकडे पेशंट, अलीकडे मी. काही जुन्या लोकांनी तक्रार केली की गोणपाटातून गुण यायला एक दिवस जास्त लागतो.

विजेचं प्रकरण वेगळं होतं. ढग गडगडले की वर्गातल्या माझ्या बाकावरच्या मुली उठून मागे जायच्या. शास्त्राच्या बाई सांगायच्या, "मुलींनो, याला काही आधार नाही," आणि स्वतः दारात जाऊन उभ्या राहायच्या. बाहत्तर साली मी कॉलेजात गेले. त्या वर्षी पाऊसच झाला नाही, त्यामुळे नव्या मैत्रिणींना माझ्याबद्दल कळायला बराच वेळ लागला.

वडील चादरींच्या कारखान्यात कारकून होते आणि स्वतःला सुधारक समजायचे. त्यांचं एक वाक्य होतं: "माझा या कशावर विश्वास नाही, पण पाळायला आपलं काय जातं?" या वाक्याच्या आधारावर ते शनिवारी नखं कापत नसत, मांजर आडवं गेलं की घरी परत येऊन पाणी पिऊन पुन्हा निघत, आणि तिघांनी मिळून कुठे जायची वेळ आली तर चौथा म्हणून खिशात एक खडा टाकून घेत. मीही त्यांचीच मुलगी. सायन्सला होते. उसण दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते, हे मला माहीत होतं. पण लाथ मारायला माझं काय जात होतं?

कॉलेजच्या त्या पहिल्याच वर्षी, माघात, आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, आला. तो मोहोळजवळच्या एका खेड्यात शेती करायचा. चहा बशीत ओतून तो आईला म्हणाला, "आक्का, पोरीला चार दिस न्यायची हाय. हिरीची जागा दावाय."

आई म्हणाली, "तिचं कॉलेज हाय की."

"कालेज काय पळून जातंय व्हय? पानी पळालंय. आमची हीर तळाला लागली. जनावरास्नी बी पाजाय न्हाय."

वडील म्हणाले, "माझा विश्वास नाही." आणि निघायला चांगला दिवस कोणता ते बघायला त्यांनी पंचांग काढलं.

मामाच्या घरी तीन माणसं होती. मामा, त्याचे वडील म्हणजे माझे आजोबा, आणि मामी. मामीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. ती माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी असेल. पाणी असलेली सगळ्यात जवळची विहीर कोसभर लांब, दुसऱ्याच्या मळ्यात. मामी दिवसातून तीन खेपा करायची, डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर एक. मधल्या वेळात शेण, झाडलोट, दळण, भाकरी. मी पोचले त्याच संध्याकाळी तिनं मला तिच्या कमरेवर लाथा मारायला सांगितल्या. मी मारल्या. ती म्हणाली, "बरं वाटलं," आणि तिसऱ्या खेपेला गेली.

मामानं माझ्याआधी एका पाणाड्याला आणलं होतं. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा. त्यानं तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरून ओढ्याकडच्या टोकाची जागा दाखवली होती. ती जागा घरापासून चांगली लांब होती. आजोबांचं म्हणणं पडलं की पायाळू घरची असताना परक्याच्या नारळावर का जा, तिच्याकडून पक्कं करून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या खेपेला मी मामीबरोबर गेले. येताना, डोक्यावरच्या घागरी न हलवता, तिनं विचारलं, "तुला खरंच दिसतं का गं पानी?"

"नाही," मी म्हणाले. आजवर मला हे सरळ कुणी विचारलंच नव्हतं.

मामीनं कमरेवरची घागर सावरली. मग म्हणाली, "मंग कुटं तरी दाखवायचंच हाय न्हवं? गोठ्याच्या मागं दाखव. दारापसनं चार पावलं."

"आणि तिथं नाही लागलं तर?"

"वड्याकडं तरी लागंल कशावरनं? त्या पानाड्याला तरी कुटं दिसतंय?"

यात मला चूक काही सापडली नाही. मी सायन्सला होते आणि बरंच शोधलं.

त्या काळी पाणी बघायचं म्हणजे उपाशीपोटी, अनवाणी, ओल्या केसांनी, आणि तोंडातून शब्द न काढता चालायचं. निम्मं गाव मागून आलं. दुष्काळात लोकांना दुसरं बघायला तरी काय होतं? मी ओढ्यापर्यंत गेले, बांधाबांधानं परत आले. पायाला ढेकळं टोचली, सराटे मोडले, बाकी काही जाणवलं नाही. मग घराला वळसा घालून गोठ्याच्या मागे गेले, थांबले आणि डोळे मिटले. डोळे मिटायची गरज नव्हती, पण इतकी माणसं आली होती. मी म्हणाले, "इथं." आजोबांनी तिथं नारळ फोडला. मामी स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पायांनी कुणाचं भलं केलं, असंच वाटलं.

सोलापूरला परतल्यावर गावाकडून बाजाराला येणाऱ्या माणसांबरोबर निरोप येऊ लागले. तिकडे खोली परसात मोजतात. एक परस म्हणजे साधारण एक माणूस हात वर करून उभा राहील तेवढं. पहिला निरोप आला, एक परस, माती. पंधरा दिवसांनी दोन परस, मुरूम. मग तीन परस, काळा खडक, आता सुरुंग लावावे लागतात. पाण्याचा पत्ता नव्हता.

मग मी पाळायला लागले. मला हे लिहिताना आजही लाज वाटते. मी सोमवार धरले. बाहेर पडताना डावा पाय आधी पडला तर परत आत येऊन उजवा टाकायला लागले. पाल चुकचुकली की "कृष्ण कृष्ण" म्हणून बोटानं जमिनीवर टकटक करायचे. उसण घेऊन आलेल्यांना मी आता मन लावून लाथा मारू लागले, कारण माझ्यात काही असेल तर ते शिल्लक राहावं. भौतिकशास्त्राच्या पेपरला जाताना समोरून रिकामी घागर घेऊन बाई आली, तेव्हा मी बोळातून फिरून गेले आणि दहा मिनिटं उशिरा पोचले. वडील कौतुकानं आईला म्हणाले, "पोरीला आता समज आली."

वैशाखात निरोप आला, पोरीला पाठवून द्या. सुट्टीच होती. मी गेले तेव्हा गोठ्यामागे पाच परस खोल खड्डा होता, कोरडा ठणठणीत. गोठ्याच्या सावलीत आजोबा, मामा, खणणारे चौघे आणि तो पाणाड्या बसले होते. पाणाड्या तेव्हा म्हणू शकला असता की मी वेगळी जागा सांगितली होती. पण तो धंद्यातला माणूस. पायाळू चुकते असं एकदा लोकांच्या डोक्यात शिरलं तर उद्या नारळही चुकतो असं शिरणार, हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, "पायाळूचं चुकत न्हाय. पानी हितंच हाय. पर इटाळ झालाय. कुना बाईची सावली पडली आसंल."

विहिरीवर बाई एकच येत होती. खणणाऱ्यांची भाकरी घेऊन रोज मामी यायची. त्यामुळे शोध फार लांबवावा लागला नाही. विटाळाच्या चार दिवसांत आली होती का, असं आजोबांनी मामाला विचारलं. मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "भाकरी दुसरं कोन आननार?" झालं. पाणी लागेपर्यंत मामीला माहेरी पाठवायचं ठरलं. मामीचे आईवडील नव्हते. माहेर म्हणजे भाऊ आणि भावजय, आणि त्यांच्याकडेही मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या लाल ज्वारीच्या, भाकरी मोजून चालल्या होत्या. पाणी लागलंच नाही तर काय, हे कुणी बोललं नाही, पण तिथं बसलेल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. मामी दारात उभी होती. या वेळी तोंडाला पदर नव्हता.

माझं डोकं फिरलं. मी मोठ्यानं म्हणाले, "मामीचा काही संबंध नाही. मी खोटं बोलले होते. मला पाणीबिणी काही दिसत नाही. दाराजवळ सोयीचं म्हणून मी ही जागा सांगितली."

 मग आजोबांचे डोळे भरून आले. त्यांनी मला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला आणि मामाला म्हणाले, "बघ, मामीसाटी सवताच्या अंगावर घेती. पोरगी लई गुनाची हाय." खणणाऱ्यांपैकी एकानं मान हलवली. पाणाड्या म्हणाला की पायाळू माणूस मनानं असाच असतो. आणि लगेच, उद्या सकाळी बैलगाडी किती वाजता जुंपायची यावर बोलणं सुरू झालं.

एवढा संताप मला त्यानंतर कधी आला नाही. खोटं सांगितलं तेव्हा निम्मं गाव मागे आलं होतं. खरं सांगितलं तर डोक्यावरून हात फिरवून गप्प बसवलं. मी मामीकडे बघितलं. "व्हय, मीच सांगितलं हुतं" असं ती म्हणाली असती तर गाडी सकाळची वाट न बघता तेव्हाच जुंपली असती. ती काही बोलली नाही. बरोबरच केलं तिनं.

मग मी डोळे मिटले. आजोबा बोलायचे थांबले.

"पाणी आहे," मी म्हणाले. "पण ते मामीच्या पावलाला येणार. रोज सकाळी तिनं खाली उतरायचं आणि पहारीचा पहिला घाव तिनं घालायचा. त्याआधी कुणी खणायचं नाही." एवढ्यानं भागत होतं, पण थाट हवा म्हणून आणखी जोडलं, "ती आपणहून वर येईपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही."

"चार दिसांची आसंल तवा?" आजोबांनी विचारलं.

"तेव्हाही."

क्षणापूर्वी जिच्या सावलीनं पाणी आटत होतं तिच्याच पावलाला ते आता येणार होतं. कुणाचीही हरकत आली नाही. पाणाड्या म्हणाला, "त्येच म्हनत हुतो मी." मामानं एवढ्या वेळात पहिल्यांदा मान वर केली.

संध्याकाळी मामी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी जवळ जाऊन बसले. मला वाटलं ती काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "मला खाली जायचं भ्याव वाटतंय गं. पाच परस हाय ती. शिडी हलती."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिचं ओझं कमी करायला निघाले होते. आता तीन खेपा, दळण, भाकरी होतंच, वर रोज सकाळी पाच परस उतरायचं आणि पाच परस चढायचं. आणि ते माझ्याच तोंडून. आता बदलता येत नव्हतं. दोनदा डोळे मिटून झाले होते.

"मी येते उद्या तुमच्याबरोबर," मी म्हणाले.

सकाळी मी आधी उतरले, मामी माझ्या मागून. शिडी खरंच हलत होती. ती प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत होती आणि मी खालून तिचे घोटे धरत होते. तळाला पोचलो. तिनं पहार उचलून एक घाव घातला. खडकावर पांढरा ओरखडा उठला, बस. वर वैशाखाचं ऊन तापायला लागलं होतं, खाली मात्र गार होतं. खडकाला टेकून आम्ही दोघी दम खायला बसलो. वरून जनावरांचा आवाज आला, आजोबांचं खोकणं आलं, कुणीतरी मामाला विचारलं, चहा झाला का? मामी सवयीनं उठायला लागली. मी म्हणाले, "तुम्हाला कुणी हाक मारणार नाही."

ती अर्धवट उठलेली तशीच थांबली. मग हळूच खाली बसली. पाय लांब केले. पायाची बोटं हलवत म्हणाली, "लगीन झाल्यापसनं उजेडात पाय पसरून बसले न्हवते मी."

मी महिनाभर राहिले. दुसऱ्या दिवसापासून मामी एकटी उतरायला लागली. आधी थोडा वेळ, मग तासभर. पहारीचा घाव घालायची आणि बसायची. कधी खालून गुणगुणल्याचं ऐकू यायचं. एकदा ती चक्क झोपून गेली; खणणारे चौघे काठावर बिड्या ओढत थांबले आणि मामा कौतुकानं सगळ्यांना खुणेनं सांगत होता, आवाज करू नका, पाणी ऐकतीय. पाण्याची सकाळची खेप मामा घालायला लागला, कारण मामी खाली असायची. चेहरा उजळला तिचा. खणणं पुढं फारसं गेलं नाही. ती इतका वेळ बसायची की दिवसाचं काम निम्म्यावर आलं होतं.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. भाद्रपदात मी आईबरोबर गौरींना गेले तेव्हा दोन दिवस झड लागली होती. पायाळूवर वीज पडू नये म्हणून, लोखंडी वस्तू बाहेर काढून, मला धान्याच्या खोलीत वाकळांवर बसवून ठेवलं होतं, त्यामुळे मी काही बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं. गोठ्यामागच्या खड्ड्यात दोन परस पाणी होतं. त्या आठवड्यात गावातल्या एकूण एक विहिरीत पाणी आलं, डबक्यात आलं, खाणीत आलं. आमचं खालून आलं की वरून, हे कुणी विचारलं नाही. पाणाड्याला नवं धोतर मिळालं. मामा सगळ्यांना गूळ वाटत होता. बायकांनी मामीला हळदकुंकू लावलं, तिची ओटी भरली, वयानं मोठ्या असलेल्यासुद्धा तिच्या पाया पडल्या. आजोबा मला म्हणाले की मामी आता या घरातून कुठं जात नाही. मला अगदी भरून आलं. दोन खोटी बोलून का होईना, माणूस आपल्या घरात राहिलं होतं.

मामी काठावर उभी राहून रडत होती. बायका म्हणाल्या, सुखाचं पाणी आहे, येऊ दे. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खडक, शिडीच्या खालच्या पायऱ्या, सगळं पाण्याखाली गेलं होतं. मामीनं पदरानं डोळे पुसले, दोरी सोडून घागर भरली आणि कमरेवर घेतली. तेवढ्यात घरातून आजोबांनी तिला हाक मारली, लगेच मामानं मारली. ती घराकडे वळली, पण पाऊल टाकण्याआधी माझ्याकडे बघून, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पानी तर आलं गं. आता बसू कुटं?"